प्रकल्प नोंदी: बारा लिव्हरची केबिन, नगरकडून बाळकुमपर्यंत

१२ नोव्हेंबर २०२४

सिग्नलची केबिन, म्हणजे लिव्हर ओढून रेल्वेचे सिग्नल आणि सांधे हलवायची खोली, आज पहिल्यांदा नीट पाहिली. नगरकडच्या एकेरी मार्गावरचं छोटं स्टेशन. कागद अजून टेबलाटेबलांवर फिरताहेत म्हणून नाव लिहीत नाही. दगडी जोतं, त्यावर विटांचा खालचा मजला, वर सागवानी खोली आणि मंगलोरी कौलं. बटणांचं पॅनल आल्यावर लिव्हर थांबले आणि केबिनचं गोदाम झालं. आता दुपदरीकरणाचा नवा रूळ नेमका जोत्यावरून जातोय. वरची खोली, लिव्हर फ्रेम आणि एक जुना सिग्नल खांबासकट न्यायची परवानगी आम्ही मागितली आहे. विटा तिथेच राहतील. खालचा मजला ठाण्यात बाळकुमला संग्रहालयाच्या आवारात नव्याने बांधायचा.

खाली लॉकिंगच्या खोलीत दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या आणि त्यांच्यामागे व्यालेली कुत्री. चार पिल्लं. मुकादम म्हणाले, निदान डोळे उघडू द्या. काम डिसेंबरवर ढकललं. परवानगी तरी तोवर कुठे येणार होती.

१९ नोव्हेंबर

समितीची बैठक. बजेट मान्य, जागा मान्य. शेवटी एक सूचना आली: मुलांना कुठलाही लिव्हर कधीही ओढता आला पाहिजे, तेव्हा आतलं लॉकिंग, म्हणजे एक लिव्हर दुसऱ्याला अडवतो ती यंत्रणा, काढून फ्रेम मोकळी करा. सगळ्यांना पटली. मी विरोध केला, तो इतिवृत्तात आला नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

लिव्हर ओढला की दूरवरची एक तार किंवा दांडा हलतो, यात विशेष काही नाही. हातपंपही तेच करतो. केबिनची खरी करामत म्हणजे काही लिव्हर *येत नाहीत*. सांधा (गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा) लूपकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, वळलेला असताना मुख्य मार्गाचा होम सिग्नल पाडायला, म्हणजे गाडीला स्टेशनात यायची खूण द्यायला गेलं, तर लिव्हर जागचा हलत नाही. ओढणारा पेंगुळलेला असो, घाईत असो, नाहीतर साहेबाने दटावलेला असो. ही नकारघंटा काढून टाकली तर आपण लोकांना बारा रंगीत दांडे दाखवू आणि त्याला सिग्नल केबिन म्हणू.

३ डिसेंबर

पिल्लं दोन गँगमननी घरी नेली. कुत्री एका पोर्टरच्या मागे गेली. काम सुरू.

लिव्हर मोजले, नंबर टाकले. १ वॉर्नर (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा), हिरवा. २ आउटर (स्टेशनबाहेरचा), ३ मेन होम, ४ लूप होम, तिन्ही लाल. ५ सांध्याचं कुलूप, निळा. ६ सांधा, काळा. ७ फाटक, तपकिरी. ८ आणि ९ स्टार्टर (गाडी सुटायचे सिग्नल), पुन्हा लाल. १० सायडिंगचा सांधा, ११ त्याचं कुलूप. १२ स्पेअर, पांढरा. रंग फक्त नखाने खरवडल्यावर दिसले. वरून सगळे एकाच काळपट तांबड्या रंगाचे झालेत.

येणारा प्रत्येक जण विचारतो, तो टोकनचा गोळा (एकेरी मार्गावर पुढे जायची परवानगी म्हणून ड्रायव्हरला देतात तो) कुठाय? नील्सचं बॉल टोकन यंत्र मास्तरांच्या खोलीत असायचं, केबिनमध्ये नाही. दिवसभरात पाच वेळा सांगितलं.

१० डिसेंबर

कौलं उतरवली. आमच्या कंपूतला सर्वात तरुण मुलगा एक कौल घेऊन धावत आला. पाठीवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५! त्याने तेवढ्यात घरी फोटोही पाठवला होता. त्याला सांगावं लागलं की मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला ते हे वर्ष. शिक्क्यात ते कायमच राहिलं, कौल कधी का भाजलेलं असेना. दुकानाच्या पाटीवर स्थापनेचं साल असतं, त्यावरून आतला गूळ तितका जुना ठरत नाही. बिचारा हिरमुसला.

३१८ कौलं धड, ९० फुटकी.

१४ डिसेंबर, पहाट

रात्रीचा दीड तासाचा ब्लॉक मिळाला, म्हणजे तेवढा वेळ गाड्या बंद. केबिनशेजारून २५ हजार व्होल्टची तार जाते. तिच्या २ मीटरच्या आत काही न्यायचं तर वीज बंद करूनच. वीज बंद झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत हायड्रा क्रेनवाल्याला इंजिनही सुरू करू दिलं नाही. दीड तासातली सतरा मिनिटं त्यातच गेली. खोलीच्या चार भिंती वेगवेगळ्या करून आधीच खाली ठेवल्या होत्या, त्यामुळे ब्लॉकमध्ये फक्त फ्रेम आणि सिग्नलचा खांब उचलायचा होता.

बिडाची फ्रेम लिव्हरसकट एकसंध न्यायची असं ठरवलं होतं. सुटी केली असती तर हलकं पडलं असतं, पण लॉकिंगचा ट्रे कधी न हलवलेला, त्यातल्या झिजेला झीज लागून बसलेली. तो जसा आहे तसा ठाण्यात पोहोचावा. वाटेत काट्यावर फ्रेम १ टन ६४० किलो भरली. ट्रॉली धरून.

१५ डिसेंबर

सिन्नरहून घोटी, मग कसारा घाट, शहापूर, पडघा. रस्ता उत्तम. भिवंडी ओलांडली तिथे आमचा वेग संपला. मानकोली ते साकेत पूल हे अंतर आम्ही किती वेळात कापलं ते ठाणेकरांना सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. जड वाहनांच्या बंदीची वेळ गाठायच्या आत माजिवडा पार केला आणि पहाटे चारला बाळकुमला पोहोचलो. घाटात ड्रायव्हर म्हणाला, ताई, एवढं सांभाळून नेताय, आत देव आहे का?

फ्रेमवरचं तांबडं प्रायमर बघता प्रश्न अगदीच गैर नव्हता.

९ जानेवारी २०२५

ते तांबडं प्रायमर म्हणजे रेड लेड. शिशाचं ऑक्साइड, आपल्या मारुतीला लावतात तो शेंदूर याच जातीचा. गंज रोखायला याच्यासारखं काही नाही आणि फुप्फुसात गेलं तर याच्याइतकं वाईटही काही नाही. पॉलिश पेपर आणि ग्राइंडर बंद करायला लावलं. ओलं करून खरवडायचं, मास्क लावायचा, खालची पोतडी रोज गुंडाळून वेगळ्या पिंपात टाकायची. शेडमध्ये चहा बंद. चहा फाटकाबाहेर, हात धुऊन. यावरून जेवढी कुरकुर झाली तेवढी रात्रीच्या ब्लॉकवरूनही झाली नव्हती.

२१ जानेवारी

सुतारमामांनी सागवान तपासलं. वरच्या चौकटी खणखणीत. जमिनीच्या तुळयांपैकी दोन वाळवीने पोखरलेल्या, टाचेने दाबल्या तर भुसा. मामा जुन्या वाड्यातलं सागवान आणणार आहेत. नवं लाकूड घेतलं तर पहिल्या पावसात पीळ भरेल म्हणतात. नवीन तुकडा कुठे बसवला ते झाकायचं नाही, फक्त तेल द्यायचं, एवढं मी मान्य करून घेतलं.

६ फेब्रुवारी

सिग्नलच्या चष्म्याच्या, म्हणजे दिव्यापुढे येणाऱ्या रंगीत काचा. लाल काच ठीक. दुसरी मात्र हिरवी नाहीच, निळसर आहे. समितीतल्या एका गृहस्थांनी लगेच हिरवी काच मागवायला सांगितलं. थांबवलं. मागे रॉकेलचा दिवा असायचा. त्याची ज्योत पिवळी, आणि पिवळ्या उजेडात निळसर काच लांबून हिरवी दिसते. पांढरा एलईडी लावून बघितला तर खरंच निळी दिसली, तेव्हा गृहस्थांचंही चुकलं नव्हतं. पिवळा मंद दिवा आणून अंधारात पुन्हा दाखवलं. हिरवी!

२० फेब्रुवारी

लॉकिंगचा ट्रे उघडला. दोन महिने हाच दिवस टाळत होते.

रचना समजायला कागद लागतो, तरी शब्दांत लिहून बघते. प्रत्येक लिव्हरला खाली एक सपाट पोलादी पट्टी जोडलेली, तिला टॅपेट म्हणतात. लिव्हर ओढला की टॅपेट पुढे सरकतो. टॅपेटच्या कडेला तिरक्या खाचा. दोन टॅपेटांच्या मधे आडवा सरकणारा एक ठोकळा, तो डॉग. एक टॅपेट सरकला की त्याच्या खाचेची उतरती कड डॉगला बाजूला ढकलते, आणि डॉगचं नाक शेजारच्या टॅपेटच्या खाचेत जाऊन बसतं. झालं, शेजारचा लिव्हर आता हलणार नाही. लांबच्या दोन लिव्हरांचं भांडण असेल तर डॉग लांब पट्टीवर बसवलेले असतात. कुठला डॉग कुठे, याचा नकाशा म्हणजे डॉग चार्ट. आमच्याकडचा चार्ट उंदरांनी डाव्या कोपऱ्यात खाल्लेला आहे.

वीज नाही, स्प्रिंग नाही. जॉन सॅक्सबीने सांधे आणि सिग्नल एकमेकांत गुंतवायचं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली घेतलं. वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं मशीन टूल्सवर काढली मी, पण असं निव्वळ लोखंडातलं तर्कशास्त्र हातात घेतलं नव्हतं.

डॉगांवर खडूने नंबर टाकले आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये धुवायला ठेवले.

२७ फेब्रुवारी

ट्रे परत बसवला. (खडूने! रॉकेलमध्ये! ही नोंद पुढे वाचणाऱ्याने वरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. मी त्या दिवशी वाचलं नाही.)

१८ मार्च

बाहेरचे दांडे. मूळ जागी केबिनपासून सांध्यापर्यंत १८० मीटर दांडा होता, मधे कॉम्पेन्सेटर. पोलाद एका अंशाला लांबीच्या साधारण लाखात १.२ भाग वाढतं. थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत ४५ अंशांचा फरक धरला तर १८० मीटरचा दांडा जवळजवळ १० सेंटीमीटर लांब होतो. सांध्याची जीभ रुळापासून हटते तीही साधारण तेवढीच. म्हणजे कॉम्पेन्सेटर नसता तर नुसत्या उन्हाने सांधा फिरायला आला असता. तो मधे बसून एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूला ढकलीत बदलतो. दोन्हीकडची वाढ एकमेकींना खाऊन टाकते.

आमच्याकडे जागाच २६ मीटर. कॉम्पेन्सेटरची गरज नाही. तरी बसवला. हे एकच ठिकाण आहे जिथे मी शोभेला मान दिला.

३० मार्च

पाडवा. कोणीतरी सिग्नलच्या खांबावर गुढी बांधली. सिग्नलचा हात आडवा, त्याच्यावर गडू. काढायला लावली नाही.

९ एप्रिल

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

गेल्या आठवड्यात आम्ही लॉकिंगची चाचणी केली. सगळे लिव्हर जागेवर ठेवायचे, एक ओढायचा, मग बाकीचे अकरा एकेक करून बघायचे, कोण येतो आणि कोण येत नाही. बारा गुणिले अकरा, १३२ जोड्या. दोन दिवस लागले. सगळं लॉकिंग टेबलाप्रमाणे, म्हणजे कोण कोणाला अडवतो त्या तक्त्याप्रमाणे. पेढे वाटले.

आज काका आले. कळव्याला मुलाकडे राहतात, नगरकडच्या मार्गावर केबिनमन होते. आमच्याच केबिनवर नव्हे, पण तसल्याच. टीएमटीच्या बसने आले, पिशवीत स्वतःचं फडकं. हाताच्या घामाने मूठ गंजते, म्हणून लिव्हर फडक्यानेच धरायचा. फ्रेमसमोर उभे राहिले, कोणाला काही विचारलं नाही. सात ओढला: फाटक बंद. सहा ओढला: सांधा लूपकडे. पाच ओढला: सांध्याला कुलूप. आता बरोबर काय, तर चार, लूपचा होम. काकांनी फडकं तीनवर टाकलं.

आणि तीन आला.

सांधा लूपकडे, आणि मुख्य मार्गाचा सिग्नल पडलेला. मेनवरून सुसाट जायचंय अशा समजुतीने येणारी गाडी वळणाच्या सांध्यावर. काकांनी तीन शांतपणे परत टाकला आणि म्हणाले, “ताई, हा तर आला की. ह्याच्यावर माझी ड्युटी नको बरं का.”

आम्ही १३२ वेळा तपासलं होतं, मग सुटलं कसं? रात्री उमगलं. तीन यायला तीन अटी: सात ओढलेला, पाच ओढलेला, सहा जागेवर. आम्ही फक्त सहा ओढून तीन बघितला. तो आला नाही, आम्ही बरोबरची खूण केली. पण तो सहामुळे अडला नव्हताच. पाच आणि सात ओढलेले नव्हते म्हणून अडला होता. एका कुलपाने दुसऱ्या तुटक्या कुलपाला पाठीशी घातलं. नकार तपासायचा तर बाकी सगळ्या अटी पुऱ्या करून एकच मोडायची, आणि मग बघायचं. काकांनी चाळीस वर्षांच्या सवयीने तेच केलं.

१० एप्रिल

ट्रे पुन्हा उघडला. तीन आणि सहाच्या मधला डॉग उलटा बसलाय, नाक रिकाम्या बाजूला. त्याच्यासारखाच दिसणारा सायडिंगकडचा डॉग इथे आलाय आणि इथला तिकडे. डॉग चार्टचा नेमका तो कोपरा उंदरांनी खाल्लेला. खडू रॉकेलने धुऊन गेला, आम्ही आठवणीने बसवले. आम्ही म्हणजे मी.

आता पंचने नंबर ठोकले आहेत.

१२ एप्रिल

समितीला उद्घाटन १६ एप्रिललाच हवंय. १८५३ साली त्याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, १४ डबे, ३४ किलोमीटर. ठाणेकराला तारीख पाठ असते. मी सांगितलं, लॉकिंगची चाचणी नव्या पद्धतीने पुरी होईपर्यंत फ्रेम उघडणार नाही. उत्तर आलं, “मॅडम, इथे कुठे गाडी येणारे?”

बरोबरच आहे. गाडी येणार नाही. सॅक्सबीचं पेटंटही त्या पहिल्या गाडीनंतर तीन वर्षांनी आलं, तेव्हा त्या दिवशी असलं काही लागलंच नव्हतं असंही कोणी म्हणेल. मला गाडीची काळजी नाही. खोटं बोलणारी केबिन दाखवायची नाही, एवढंच.

१६ एप्रिल

नारळ खालच्या मजल्यावर फुटला. जिन्याला साखळी.

८ मे

नव्या पद्धतीची चाचणी संपली. काका लिव्हरवर, मी टेबल घेऊन, तरुण मुलगा ट्रेखाली टॉर्च घेऊन. आणखी एक सापडलं: फाटक उघडं असताना लूपचा होम अर्धा येतो आणि मग अडतो. हा दोष आमचा नाही, खाचेची कड झिजलेली. वेल्डिंगने भरून, कानसून बसवली. काका म्हणाले, अर्धा आलेला लिव्हर पूर्ण आलेल्यापेक्षा वाईट, कारण तार अर्धी ताणते आणि हात अर्धा पडतो. अर्धा पडलेला हात ड्रायव्हरने आडवाच समजायचा असतो, पण समजेलच याची खात्री कोणी द्यावी.

सिग्नलची तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप आडवा होतो. तो प्रयोगही केला. तार मुद्दाम सोडली. खणकन आवाज करून हात वर. तरुण मुलाने चार वेळा करायला लावलं.

“सिग्नल पडला” असं आपण अजून म्हणतो. हिरवा दिवा काही पडत नाही. पडायचा तो हा हात.

२६ मे

पाऊस. मुंबईत मान्सून आजच आल्याचं जाहीर झालं, एरवीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. आमच्या कोन्याची, म्हणजे आढ्यावरची कौलं कालच चुन्यात बसवलेली, चुना ओला. दुपारी दोनला ताडपत्री टाकली, तीनला वाऱ्याने नेली. सुतारमामा छपरावर आणि आम्ही खाली दोर धरून. लॉकिंगच्या ट्रेवर माझा स्वतःचा रेनकोट. भिजलं काही नाही, मी सोडून.

११ जून

कोने पुन्हा केले. पागोळ्या जिन्यावर पडतात, पन्हाळ लावायचा.

२८ जून

जिन्याची साखळी काढली. महापालिकेच्या शाळेतली पाचवीची मुलं, एकोणतीस. काका फडकं खांद्यावर टाकून उभे. नियम एकच: एका वेळी एक जण, आणि परत टाकल्याशिवाय खाली उतरायचं नाही.

एका मुलीने थेट तीन धरला. दोन्ही पाय फ्रेमला लावून लोंबकळली. “काका, हा बिघडलाय.” काका म्हणाले, बाहेर बघ, सांधा कुठे आहे? ती खिडकीशी गेली, बराच वेळ बघत राहिली, परत आली आणि सहा जागेवर टाकायला गेली. तोही येईना, पाच ओढलेला होता. मग तिने पाच सोडला, सहा टाकला, पाच पुन्हा ओढला, तीन ओढला. सात मघाशी कोणीतरी ओढूनच ठेवला होता. बाहेर हात खाली आला. ती बघायला गेलीच नाही, चारवर काय होतं ते बघत होती.

चार आला नाही.

५ जुलै

अभिप्रायाच्या वहीत आठवड्यात अकरा तक्रारी: लिव्हर जाम आहेत, देखभाल नाही, ग्रीस लावा. समितीने पाटी करायला सांगितलं. मजकूर: “लिव्हर न येणे म्हणजे तो बिघडलेला आहे असे नाही.” पेंटरने छान वळणदार काढली. पण “असे नाही” दुसऱ्या ओळीत गेलंय आणि आग विझवायचं नळकांडं नेमकं त्याच्यासमोर टांगलंय. नळकांडं एक फूट डावीकडे घ्यायचं. खिळे मामांकडे आहेत.